पडद्याआडचा वजनकाटा

संपादकताईंचा फोन आला. म्हणाल्या, खाला, यंदाच्या दिवाळी अंकात तुमचं काहीतरी हवंच, दुबईच्या जुन्या विमानतळावरच्या गोड आठवणी लिहा. मी हो म्हटलं, कारण त्या अशा काही लाडाने विचारतात की नाही म्हणवत नाही. पण कागद घेऊन बसले आणि गोड काही वर येईना. रागच वर येतो. तेव्हा रागाचंच लिहिते. फराळाच्या ताटात तिखट शेवही असते, तसं समजा.

राग यायला कारणही घडलं. मागच्या महिन्यात इथल्या अल नहदा भागातल्या घरी नातवाने लॅपटॉपवर एक फिल्म दाखवली. विमानतळ कसा वाढत गेला त्याची. आधी नुसती वाळू, मग वाळूवर उतरणारं विमान, मग डांबर, मग टर्मिनल, मग टर्मिनलातून टर्मिनलात जाणारी आगगाडी. पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे अरबी झग्यातले पुरुष, टाय लावलेले पुरुष, टोपी घातलेले पुरुष. मी चष्मा पुसून पुसून बघत होते. एक बाई दिसेल तर शपथ. मी म्हटलं, अरे, मी तिथे होते, बायकांचं वजन करत होते. तर शेजारी बसलेली नात म्हणते, "दादी, यू कान्ट वे पीपल. दॅट्स सो रूड." मी म्हटलं, बाय, मीही इतकी वर्षं तेच म्हणतेय.

आता आधी काम समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ही गोष्ट साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांची. दुबईच्या देरा वस्तीच्या बाहेर सपाट, खारट जमीन होती. तिच्यावर वाळू दाबून धावपट्टी केलेली. आमचे हे तिथे पाण्याचा टँकर चालवायचे. पहाटे पट्टीवर पाणी मारायचं, मागून रोलर फिरवायचा, की वाळू सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट बसायची. दुपारपर्यंत पुन्हा भुसभुशीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. आज लोक म्हणतात वाळूतून विमानतळ उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, झाड आहे का तो? माणसांनी रोज उठून उभा केला.

विमानं छोटी, पंख्यांची. कराचीला पाणी पिऊन, म्हणजे पेट्रोल घेऊन, मुंबईला जाणारी. असल्या विमानाला माणूस काय नि सामान काय, सारखंच. चढलेलं सगळं वजन कॅप्टनला आधी कळावं लागतं. त्यातून उन्हाळा. उन्हात हवा पातळ होते, पाणी ओतलेल्या ताकासारखी, आणि पातळ हवेत विमान लवकर वर चढत नाही. थंडीत जे विमान भरून जायचं, तेच जूनमध्ये पोट रिकामं ठेवून जायचं. म्हणून प्रत्येक प्रवासी काट्यावर उभा राहायचा. धान्याच्या वखारीत असतो तसा लोखंडी काटा, खाली पाट, वर गोल तबकडी, तबकडीत सुई.

पुरुषांचं काही नाही. चढले, उतरले, एकमेकांना पोटावरून चिडवलं, झालं. पण बायकांचं काय? आमच्या रत्नागिरी-रायगडच्या बायका बुरख्यात. त्यांना चारचौघांत लोखंडी पाटावर उभं करायचं, आणि काउंटरवरच्या माणसाने मोठ्याने आकडा ओरडायचा. गुहागरच्या एका गृहस्थाची बायको चढेना, तेव्हा क्लार्कने तिचा कोपर धरून तिला वर चढवलं. गृहस्थाने क्लार्कच्या मुस्काटात मारली. विमान खोळंबलं. तो क्लार्क म्हणजे फर्नांडिस, गोव्याचा, देवमाणूस. पुढे मला म्हणाला, सकीनाबाय, मी तिला होडीत चढवताना देतात तसा हात दिला, पाप नव्हतं मनात. मी म्हटलं, ठाऊक आहे, पण होडीत तिचा मामा हात देतो, तू नाही.

त्या थपडेमुळे मला नोकरी लागली. विमान कंपनीच्या स्टेशन मॅनेजरने विचारलं, कुणाच्या घरात कामाला येईल अशी बाई आहे का? आमच्या ह्यांनी हात वर केला. मला विचारलं घरी आल्यावर.

या मॅनेजरचं नाव लिहीत नाही. मुलंबाळं असतील त्याची कुठे. मुंबईहून आलेला, शिकलेला, जूनमध्येही टाय सोडायचा नाही. आमच्याशी हिंदीत बोलायचा. मी पहिल्या दिवशी घरची चादर नेली, दोरीवर टाकली आणि काटा चादरीआड घेतला. कंपनीने पडदा दिला नाही बरं का. माझ्या रुखवतातली चादर होती ती, निळ्या फुलांची.

दुसरी अडचण आकड्याची. आमच्याकडे बाईचं वजन तोंडाने बोलत नाहीत, नजर लागते म्हणतात. आणि माणसाला काट्यावर बसवायचं ते एकाच वेळी, नवस फेडताना. मूल जगलं की दर्ग्यावर नेऊन त्याला खजुराशी नाहीतर गुळाशी तोलायचं आणि तो खजूर वाटून टाकायचा. त्यामुळे नवी बाई पडद्याआड आली की पहिला सवाल, "मला कशाशी तोलताय गो?" मी सांगायची, कशाशीच नाही, नुसतं वजन. तर ती घाबरायची. तोललं आणि वाटलं काहीच नाही, मग नवस अर्धाच राहिला की. दापोलीकडची एक म्हातारी काट्यावरून उतरेचना. शेवटी मी आमच्या ह्यांच्या डब्यातला खजूर आणून तिच्या हाताने लोडरांना वाटला, तेव्हा उतरली. त्यानंतर बायका घरूनच मूठभर खजूर आणायला लागल्या. मुंबईच्या फ्लाइटला सामान भरायला लोडर एकमेकांशी का भांडतात, ते मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही.

आकड्यासाठी मी पाटी आणली. शाळेत मी गेलेली नव्हते. फर्नांडिसने मला इंग्रजी आकडे शिकवले, त्या तबकडीवरूनच. मी पाटीवर लिहायची, पडद्याखालून सरकवायची, तो टिपून घ्यायचा आणि पुसून परत द्यायचा. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. एक इंग्रज मडम मात्र तीनदा चढली, बूट काढून, हॅट काढून, कानातले काढून, आणि दर वेळी मला म्हणाली की तुझी सुई दारू प्यायली आहे. बायका इथून तिथून सारख्याच, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आता एक गोष्ट सांगते, ती तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. सामानाला जादा वजनाचं भाडं पडायचं, अंगाला पडायचं नाही. मग आमच्या बायकांनी काय करावं? सामान अंगावर घ्यावं. बुरख्याआत एकावर एक नायलॉनच्या साड्या. कमरेला जॉर्जेटचा ताका गुंडाळलेला. काखेत थर्मास, पोटावर दुधाच्या पावडरचा डबा फडक्याने बांधलेला. एकीने चहाच्या बशा छातीशी बांधल्या होत्या. चालली की किणकिण वाजायची. पडद्याआड मला सगळं दिसायचं. मी म्हणायची, भरल्या अंगाची झालीस गो दुबईत. ती म्हणायची, "हवा मानवली, खाला." दोघी हसायचो.

तुम्ही म्हणाल, ही लबाडी. मी त्यावर खूप विचार केलाय आणि माझं मत आजही तेच आहे. सुई दाखवेल तो आकडा मी पाटीवर लिहिला, एक पौंड इकडचा तिकडे केला नाही, कारण तिथे माणसांच्या जिवाचा सवाल. विमानाला खरा भार कळत होता. तो भार हाडामांसाचा की नायलॉनचा, ही विमानाची काळजी नव्हती, कंपनीच्या गल्ल्याची होती. आणि त्या बायका काय सोनं नेत होत्या? वर्षानुवर्षं लोकांच्या चुली फुंकून बहिणीला साडी नि भाच्याला दूध नेत होत्या.

तर तो दिवस.

जून महिना. समुद्र खवळला की गलबतं बंद, तशी ती बंद झालेली. आगबोट नुकतीच गेलेली. मुंबईला जायचं तर विमानच. उन्हाने पत्र्याला हात लावता येत नव्हता. त्या फ्लाइटला बायका बऱ्याच होत्या, सगळ्या सुट्टीवर घरी निघालेल्या, आणि सगळ्यांची अंगं चांगली भरलेली. मुरूडची हलीमा बुबू त्यांत पुढारी. जिभेला हाड नाही, पण मन समुद्राएवढं. ती दारातून आत येतानाच आडवी होऊन आली.

आणि होती खैरूनबी. श्रीवर्धनच्या बाजूची, देऱ्यात एका व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला. नवरा गेलेला, भाऊ नाही. दोन मुली. थोरली पहिल्या बाळंतपणात सासरीच वारली. कसं झालं, काय झालं, कुणी पाहिलं, काही नाही. इथे खैरूनला कळलं तेव्हा मौतीचा चाळिसावा दिवससुद्धा होऊन गेला होता. आता धाकटीचे दिवस भरत आले होते. तिचं सासर आडगावात, दवाखाना नाही, रस्ता नाही. सासरच्यांनी निरोप धाडला होता की आई येऊन घरात बसत असेल तर पोरीला माहेरी पाठवतो, कुलूप लावलेल्या घरात पाठवणार नाही. खैरूनच्या मालकिणीने हे ऐकलं आणि आपल्या हाताने तिकीट काढून दिलं.

हे सगळं मला खैरूनने पडद्याआड सांगितलं, काट्यावर उभी राहून. बुरख्याआत तिने काही बांधलेलं नव्हतं. मी विचारलं, काहीच नेत नाहीस? म्हणाली, "काय नेऊ खाला, मी पोचले म्हणजे झालं." सुई जेमतेम हलली.

सगळी वजनं झाली, पाट्या गेल्या. कॅप्टनने बेरीज बघितली आणि मान हलवली. एवढ्या उन्हात एवढा भार उचलणार नाही, साधारण एका माणसाएवढं वजन उतरवा, म्हणाला.

खाली सामानात चार खोके होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाची. त्यांत काय होतं मला माहीत नाही. जिवंत काही नव्हतं एवढं नक्की. मी मनात म्हटलं, एक खोका राहील. तेवढ्यात मॅनेजर आला, फर्नांडिसच्या खांद्यावरून कागद बघितला आणि खैरूनच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाला, "इसको ऑफलोड करो. अगले हफ्ते भेज देंगे."

ऑफलोड. पोतं असतं तर असंच म्हणाला असता.

मी आयुष्यात पहिल्यांदा पडद्याबाहेर येऊन त्याच्याशी बोलले. म्हटलं, साहब, एक खोका उतरवा. म्हणाला, खोक्यांचं भाडं भरलंय. म्हटलं, हिनेही भरलंय. मग खैरूनच्या मुलीचं सांगितलं, थोरलीचंही सांगितलं. पुढच्या आठवड्याची फ्लाइटही भरलेली आहे, तेव्हाही हिलाच उतरवाल, तेही सांगितलं. त्याने ऐकलं हो. ऐकून घेतलं शांतपणे, घाम पुसत. आणि मग जे बोलला ते मी मराठीत सांगते. म्हणाला, खोक्याचा मालक उद्या सकाळी माझ्या ऑफिसात येऊन बसेल. हिच्यासाठी कोण येणार आहे?

त्याच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. हिशोब होता. त्याच्या जागी बसून बघितलं तर तो हिशोब बरोबरही होता, आणि माझ्या अंगाची लाही झाली ती त्यामुळेच. त्याने म्हाताऱ्याला उतरवलं नाही, त्याच्याबरोबर मुलगा होता. नव्या नवरीला नाही, तिच्याबरोबर नवरा होता. पुरुषांपैकी तर कुणालाच नाही. नेमकी हीच का? तर हिच्या मागे कुणी पुरुष उभा नव्हता म्हणून.

खैरून रडली नाही. काट्याजवळ जमिनीवर बसली. एकदा म्हणाली, "ही पण जाईल." बस्स. मला वाटतं ती आमच्याशी बोलतच नव्हती.

पलीकडे पुरुष प्रवासी उभे होते. सगळं ऐकू गेलं होतं त्यांना. मी म्हटलं, दादा, बाबा, प्रत्येकाने थोडं थोडं सामान ठेवा मागे, मी पाठवते नंतर. तर कुणी विमानाचे पंखे बघायला लागला, कुणी बुटाची नाडी. एकजण म्हणाला, आमचं सामान मोजून मापून आहे. एकाने हातातलं वर्तमानपत्र पुढे केलं. हलीमा बुबू पडद्याआडून म्हणाली, "ते राहू दे भावा, वाटेत वारा घ्यायला लागेल. पोट काढून ठेवता येत असेल तर बघ." तो पुन्हा पंखे बघायला लागला.

मग हलीमा बुबूने मला आत ओढलं आणि विचारलं, हिचं वजन किती? मी पाटीकडे हात नेला. सवयच ती. पाटी पुसलेली होती. तोंडाने सांगायला जीभ उचलेना. तेव्हा खैरूनच उठली आणि म्हणाली, "सांग गो खाला. ओरडून सांग. माझं काय कुणाच्या नजरेने जायचं राहिलंय?" आणि मी काही म्हणायच्या आत ती स्वतःच मोठ्याने बोलली, "एकोणनव्वद पौंड." काट्यावरचा आकडा तिने वाचला होता की मी पाटीवर लिहिताना बघितला होता, कोण जाणे. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.  पडदा लागल्यापासून त्या विमानतळावर आमच्या बाईचं वजन मोठ्याने बोललं गेलं ते असं, आणि बोलली ती बाई स्वतःच.

हलीमा बुबूने बुरखा वर केला आणि कमरेचा ताका सोडायला सुरुवात केली.

मी ते दृश्य कुणाला सांगू? ती गोल गोल फिरत होती आणि कापड सुटत होतं, आकाशी रंगाचं. मग थर्मास. मग दुधाचा डबा. मग बाकीच्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. साड्या, टॉर्च, अत्तराच्या बाटल्या, साबणाच्या वड्या, एकीने तर लहान पातेलं काढलं, ते पाठीशी कसं बांधलं होतं मला अजून कळलेलं नाही. बशांवालीसारखीच आणखी एक होती, तिच्या अंगातून निघाल्या वाट्या. सगळं मी काट्यावर रचत होते. नव्या नवरीने सगळ्यांत शेवटी हात घातला. तिची साडी तिच्या सासूसाठी होती. क्षणभर धरून राहिली, मग टाकली. हलीमा बुबू म्हणाली, "सासूला सांग, एक बाई जास्त आली म्हणून साडी राहिली."

सुई चढत गेली. सत्तर. ऐंशी. एकोणनव्वदला पोचली आणि पुढे गेली.

मी पडदा ओढून बाजूला केला, पहिल्यांदाच. फर्नांडिसला म्हटलं, कॅप्टनला बोलाव. मॅनेजर मध्ये येऊन म्हणाला, ये क्या तमाशा है. पण फर्नांडिस धावत गेला होता. कॅप्टन आला, ढिगाकडे बघितलं, सुईकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. त्या आता निम्म्या झाल्या होत्या. तो इंग्रजीत म्हणाला ते फर्नांडिसने मला नंतर सांगितलं. भार उतरला आहे, कुणाच्या अंगावरून उतरला ते मला विचारायचं नाही, यल्ला, बाईला बसवा. ते यल्ला, म्हणजे चला चला, मात्र मला तेव्हाच समजलं.

खैरूनने माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. ती विमानाकडे अशी चालत होती जशी कुणी मागून हाक मारेल.

विमान वर गेलं आणि मग माझी पाळी आली. मॅनेजर ढिगाजवळ उभा राहून एक एक वस्तू बुटाच्या टोकाने हलवत होता. दया नाही, लाज नाही. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की इतक्या दिवसांत कंपनीचं किती भाडं बुडालं याचा तो अंदाज करतोय. मला म्हणाला, हा माल कंपनीचा. आणि उद्यापासून बायकांची आधी झडती, मग वजन. झडती तू घ्यायचीस.

बघा म्हणजे. ज्या बायकांनी आपल्या हाताने काढून दिलं, त्यांच्या मोठेपणातून या माणसाला काय सापडलं? चोरी. 

मी म्हटलं, वजन करीन, झडती घेणार नाही. म्हणाला, मग पडदा खाली. त्याने खरंच माझी चादर उतरवायला लावली. पुढच्या फ्लाइटला बायकांना पुन्हा उघड्यावर उभं केलं. त्या चढल्या नाहीत. एकही नाही. त्यांचे नवरे, भाऊ, मामा आडवे झाले, आणि विमान एवढं खोळंबलं की कॅप्टनने स्वतः दोरी बांधली आणि माझी चादर वर टाकली. झडतीचं नाव पुन्हा निघालं नाही. पण याचंसुद्धा मला पूर्ण समाधान नाही. पुरुष आडवे झाले तेव्हा नियम बदलला. मी नाही म्हटलं तेव्हा नुसती चादर उतरली.

तो ढीग कंपनीला मिळाला नाही, हे सांगायला हवं. मॅनेजर जेवायला गेला आणि लोडरांनी सगळं उचलून आमच्या ह्यांच्या टँकरच्या केबिनमध्ये भरलं. इतक्या दिवसांचा खजूर कुठे जातो? आमच्या झावळ्यांच्या खोलीत पावसाळाभर आम्ही त्या सामानाच्या कडेकडेने झोपलो. गलबतं सुरू झाल्यावर एका ओळखीच्या नाखव्याबरोबर एकेकीचं गाठोडं नाव घालून पाठवलं. हलीमा बुबूचा थर्मास वाटेत फुटला. ती पुढे जन्मभर मला म्हणायची, खाला, तुझ्यापेक्षा कंपनी बरी होती.

याच नाखव्याने परत येताना खैरूनची खबर आणली. ती पोचली त्याच आठवड्यात मुलीला कळा लागल्या, दिवस भरायच्या आधीच. मूल पायाळू. दाई हात जोडून बसली. खैरूनने कुणाला विचारलं नाही, डोली करून मुलीला दवाखान्यात नेलं, डोलीच्या एका बाजूला स्वतः खांदा देऊन. मुलगी झाली. दोघी जगल्या. डॉक्टर म्हणाला, अजून उशीर केला असता तर मला काही करता आलं नसतं. पुढच्या फ्लाइटने गेली असती तर काय, हे मी मनात एकदाच मांडून बघितलं. पुन्हा बघितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पट्टीवर डांबर पडलं. मोठी विमानं आली, त्यांना माणसाचं वजन विचारावं लागत नाही. काटा सामानाच्या गोदामात गेला, मी बायकांच्या वेटिंगरूममध्ये गेले आणि तिथे पुष्कळ वर्षं राहिले. तिथल्याही कहाण्या आहेत, पण त्या दुसऱ्या रागाच्या.

ती खबर आली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. ड्युटी संपल्यावर मी मॅनेजरच्या ऑफिसात गेले. तोवर आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पगार फर्नांडिसच्या हातून मिळायचा. वर पंखा, टेबलावर चहा, समोर गादीची खुर्ची. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "साहब, खैरून की बेटी को बेटी हुई. दोनों ठीक हैं."

त्याने मान वर केली. नाटक करत असता तर मला कळलं असतं, माणसं बघण्यातच माझी सगळी नोकरी झाली. त्याला खरोखर आठवत नव्हतं.

"कौन खैरून?" म्हणाला.

मी भांडायला गेले होते. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. ते सगळं तिथेच राहिलं. मी गादीची खुर्ची ओढली, त्याने सांगितलं नव्हतं तरी बसले, बुरखा सारखा केला आणि म्हटलं, "सुनिए." आणि पहिल्यापासून सांगायला लागले, थोरल्या मुलीपासून. मध्ये फोन वाजला. मी थांबले नाही.